बॅटरी वाढली

नानाजींनी कपातला चहा एका जागी बसून प्यायलेला मी कधी पाहिला नाही. पहिला घोट ओट्यावर, दुसरा दुकानाच्या पायरीवर, आणि उरलेला कप मग घरात कुठेतरी सापडायचा. कधी देवघराच्या फळीवर, कधी गाडीच्या टपावर. मावशी, म्हणजे त्यांची बायको, तो शोधून आणायच्या आणि काही न बोलता विसळायला टाकायच्या. एखाद्याच्या पायाला भिंगरी असते म्हणतात, नानाजींच्या सगळ्या अंगालाच होती.

आर्वीला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला आले तेव्हा मी त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. खोल्या दाखवायला ते स्वतः आले. मी पहिल्या खोलीची खिडकी उघडून बघते तोवर ते गच्चीवर पोचले होते आणि तिथून ओरडून मला पाण्याच्या टाकीची माहिती देत होते. मी गच्चीवर गेले तर ते खाली दुकानात. मी दुकानात आले तर मावशी म्हणाल्या, आत्ताच कोपऱ्यावर गेले, येतील. घर मला पसंत आहे का, हे कोणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही आणि राहायला आले.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. तीन पिढ्यांचा धंदा. असल्या चुळबुळ्या माणसाला हा धंदा कसा जमतो हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही. मग एकदा माझ्याच हातात त्यांनी बांगड्या भरल्या तेव्हा पाहिलं. कमरेच्या खाली माणूस सारखा हलत होता, गुडघा नाचत होता, चपलेतली बोटं वळवळत होती. पण माझा पंजा दाबून धरलेले हात अगदी स्थिर होते. काचेची बांगडी हाडावरून कधी सरकली ते मला कळलंही नाही.

आणि बांगडीवाल्याची जीभ. बांगडी 'फुटली' असं म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं, हे आमच्या कोल्हापूरकडेही आहे. नारळ वाढवतात, रात्री दुकान वाढवतात, घरातले तांदूळ 'संपले' म्हणत नाहीत. पण नानाजींनी हा नेम फारच ताणला होता. त्यांच्या घरात गॅस वाढायचा, मीठ वाढायचं, मोबाइलचा रिचार्ज वाढायचा. एकदा माझ्या चपलेचा अंगठा तुटला तर मला म्हणाले, मॅडम, तुमची चप्पल वाढली वाटते. दिवाळीनंतर मी गावाहून परतले तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "वाढली का सुट्टी?" आणि एक क्षण मला खरंच वाटलं की सरकारला दया आली. वर्गात समानार्थी शब्द शिकवून मी घरी यायचे आणि घरी हे. मी त्यांची पुष्कळ थट्टा केली. ते हसायचे, पण तोंडातून कधी 'संपलं', 'मेलं', 'तुटलं' निघालं नाही. तोंडातून गेलेलं घरात येते, असं ते म्हणायचे.

घरासमोर त्यांची गाडी उभी असायची. जुनी, पांढरी, चौकोनी. गुरुवारी दुकान बंद असे आणि त्या दिवशी सकाळी नानाजी ती घेऊन हिंगणीला जात. बाकीचे सहा दिवस गाडी जागची हलत नसे. हिंगणी म्हणजे बोर धरणाच्या आणि जंगलाच्या कडेचं गाव. तिथे त्यांची मोठी बहीण मुला-सुनेकडे राहत होती. नानाजी तिला 'बाई' म्हणत. आई लहानपणीच गेल्यामुळे बाईनंच त्यांना वाढवलं होतं. आता बाईच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. नवरा गेला हे ती विसरली. सून कोण हे विसरली. घराचा संडास कुठल्या बाजूला हेही कधीकधी. राहिलं होतं ते एवढंच, की आर्वीहून भाऊ पांढऱ्या गाडीत येतो. सून तिला गुरुवारी सकाळी न्हाऊ घालून ओट्यावर बसवायची. गाडी आली की ती उठायची, दारावर हात फिरवायची, नानाजींना नावानं हाक मारायची. इतर कोणाला ती नावानं हाक मारत नसे.

आणि गाडी आली नाही, तर ती भावाला शोधायला निघायची.

हे एकदा घडलं होतं, मी आर्वीला यायच्या आधी. नानाजींना ताप होता म्हणून ते गेले नाहीत. सून स्वयंपाकघरात असताना बाई ओट्यावरून उतरली आणि चालू लागली. नेमकी धरणाकडे. त्या बाजूला संध्याकाळी माणसं गुरं घेऊन लवकर परततात, कारण वाघ असतो, आणि तो काही गप्पांमधला वाघ नाही. गुराख्यांनी तिला पाहिलं म्हणून ती परत आली. सुनेला किती वेळ पहारा देता येणार? घरात कोंडलं तर बाई दारावर डोकं आपटून घ्यायची. फोनवर भावाचा आवाज ऐकवला तर फोनच्या मागे बघायची. बसनं जायचं तर बदलत बदलत दुपार कलते, आणि बसमधून उतरणारा माणूस बाईच्या हिशेबात भाऊ नव्हताच. म्हणून गुरुवार म्हणजे गुरुवार आणि गाडी म्हणजे गाडी. नानाजींचं सगळं चित्त त्या एका गोष्टीला टांगलेलं असे: गाडी सुरू होईल ना?

एकदा मीही त्यांच्याबरोबर हिंगणीला गेले होते. ओट्यावर बाईंनी हात पुढे केला आणि नानाजींनी खिशातल्या कागदाच्या पुडीतून दोन हिरव्या बांगड्या काढून तिला भरल्या. मला माहीत होतं, बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. समोरच्या ओट्यावरच्या दोन बायका एकमेकींकडे पाहून काहीतरी कुजबुजल्या. परतताना मी नको तिथे तोंड घातलं. लोक बोलत असतील ना, म्हटलं.

"बोलतीन," नानाजी म्हणाले. "तिले आठवत नाई तं आपन काऊन आठवून द्याचं?"

एवढं बोलून त्यांनी खिडकीची काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. मला त्या माणसाविषयी तेव्हा जे वाटलं त्याला माया हा एकच शब्द आहे. थट्टा करायचीही मग मी जरा कमी केली.

तर ती गाडी. गाडी सुरू होईल ना, हे पाहण्याचा नानाजींचा मार्ग सरळ होता. ते ती सुरू करून पाहत. सकाळी दात घासता घासता एकदा. दुकान उघडायच्या आधी एकदा. गिऱ्हाईक नसलं की उगाच. जेवून उठल्यावर, हात धुवायच्या आधी, डाव्या हातानं. स्टार्टर मारायचा, इंजिन घुर्र करून जागं झालं की चेहऱ्यावर समाधान, आणि लगेच बंद. चालू ठेवलं तर पेट्रोल जळतं ना. सुरू करताना बॅटरीची ताकद खर्च होते आणि ती भरून यायची तर गाडी बराच वेळ चालवावी लागते, हे त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. मी सांगितलं, मावशींनी सांगितलं, गल्लीतल्या रिक्षावाल्यानं सांगितलं. त्यांना ते पटायचंही. पटलं की ते मान डोलवायचे आणि खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा स्टार्टर मारायचे.

त्यामुळे गाडी सुरू होईल ना या काळजीनंच ती सुरू होईनाशी व्हायची. मग उपाय चालत. मावशी गरम पाण्याची किटली आणायच्या आणि बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी भुकटी धुऊन निघायची. मग व्हॅसलीन. मग बॅटरीत पाणी. तरी नाहीच ऐकलं तर धक्का. गाडी ते नेहमी उताराच्या दिशेला तोंड करून ठेवत ते याचसाठी. एका गुरुवारी दुकान बंद असूनही लग्नघरच्या चार बायका चुड्यासाठी आल्या होत्या. एकीच्या एकाच हातात बांगड्या भरून झाल्या होत्या तेवढ्यात नानाजींना आठवलं की आज गाडी तपासलीच नाही. ते गेले, स्टार्टर मारला, काही नाही. मग त्या चौघींनी पदर खोचून गाडीला धक्का दिला. गाडी उतारावर सुरू झाली आणि नानाजी मागे न बघता तसेच हिंगणीला निघून गेले. नवरी मुलीची आई एका हातात हिरवा चुडा आणि दुसरा हात मोकळा अशी रस्त्यात उभी राहिली. उरलेल्या बांगड्या मावशींनी भरल्या. गल्लीला तो किस्सा महिनाभर पुरला.

आता त्या गुरुवारचं सांगते. माझी बदली व्हायच्या आधीचा तो शेवटचा उन्हाळा. सकाळचं कॉलेज होतं, मी माझी लाल गाडी घेऊन लवकर निघून गेले होते. परतले तेव्हा ऊन चढलं होतं आणि घरासमोर गर्दी होती. गर्दीही चमत्कारिक, सगळे जण गाडीपासून लांब, समोरच्या भिंतीला चिकटून उभे. मावशी ओट्यावर पदर तोंडाशी धरून. आणि नानाजी गाडीपासून ठरावीक अंतर राखून फेऱ्या मारत होते, खुंट्याला बांधलेल्या गोऱ्ह्यासारखे. त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

झालं होतं ते असं. सकाळी निघायच्या वेळी स्टार्टर मारला तर नुसतं टिक. गरम पाणी झालं, व्हॅसलीन झालं. धक्क्याला माणसं जमवायच्या आधी नानाजींनी बॅटरीवाल्याला, दिनेशला, फोन केला. दिनेश मुलताईकडचा, नुकताच आर्वीत आलेला, मराठी त्याला जेमतेम कळायची. बाईकडे निघताना तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही म्हणून नानाजी म्हणाले, गाडीची बॅटरी वाढली. दिनेशनं विचारलं, वाढली म्हणजे बढ़ गई? फूल गई क्या? नानाजी म्हणाले, हो हो, वाढली, पूर्ण वाढली.

फुगलेली बॅटरी फुटते आणि आतलं तेजाब अंगावर उडतं, हे दिनेशनं कुठेतरी पाहिलं होतं. त्यानं फोनवरच दरडावलं की कोणी हात लावू नका, धक्का तर मुळीच मारू नका, माणसं लांब ठेवा, मी येतो. तो तळेगावला गेला होता. तिथून हातातलं काम उरकून तो आला, तोवर सगळी गल्ली भिंतीला चिकटून उभी होती. आला तो डोक्यावर हेल्मेट, त्याची काच खाली, हातात रबरी मोजे. लांब काठीनं त्यानं बॉनेट उचललं, वाकून पाहिलं, मग काठी टाकली आणि हेल्मेट काढलं.

मी गाडी लावून उतरले ती याच क्षणी. दिनेश म्हणत होता, "अरे, ये तो मरी हुई है."

"असं नाई म्हनत," नानाजी म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

काय घोटाळा झाला हे एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं. कोणीतरी हसलं, मग मावशींचा चेहरा पाहून गप्प झालं. लगेच सगळ्यांनी मिळून धक्का दिला. गाडी उताराला लागली, खोकली, कोपऱ्यापर्यंत जाऊन बंद पडली. पुन्हा ढकलली, पुन्हा तेच. दिनेशनं आपल्या बॅटरीला वायर जोडून पाहिली. बॅटरी आतून गेली आहे, म्हणाला, नवीन टाकावी लागेल, ती वर्ध्याहून आणावी लागेल, संध्याकाळ होईल. रोज सुरू करून बघता आणि चालवत नाही, बघून बघूनच मारली तुम्ही हिला, असंही तो हिंदीत म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला हिंगणीचं माहीत नव्हतं.

तेवढ्यात नानाजींचा फोन वाजला. हिंगणीहून सून बोलत होती. बाई ओट्यावर नव्हती. मुलगा मोटारसायकल घेऊन धरणाकडे गेला होता.

मी माझ्या गाडीचं दार उघडलं आणि म्हटलं, बसा. मावशींनी बांगड्यांची पुडी खिडकीतून त्यांच्या हातात कोंबली.

त्या रस्त्यानं मी इतक्या वेगानं कधी गेले नाही आणि पुन्हा जाणारही नाही. नानाजी शेजारी बसून अदृश्य ब्रेक दाबत होते, अदृश्य क्लच सोडत होते. समोरचा कप्पा उघडला, बंद केला. पट्टा काढला, मी ओरडल्यावर पुन्हा लावला. रुमालानं समोरची काच पुसली, स्वच्छ होती ती. प्रत्येक वळणावर पुढे वाकून पाहत होते. सुनेचा पुन्हा फोन आला, अजून नाही सापडली. मग नुसता गुडघा हलत राहिला.

"मॅडम," एकाएकी ते म्हणाले, "मेली म्हनलं असतं तं काय झालं असतं?"

सगळं आयुष्य ज्या शब्दाला माणसानं दारातून आत घेतलं नाही, तो त्यांनी माझ्या गाडीत इतक्या साध्या आवाजात उच्चारला. मला रडू आलं, आणि रस्ता दिसेना म्हणून मी स्वतःवरच चिडले.

"धक्क्यानं तवाच सुरू झाली असती," ते म्हणाले. "सकाळी थोडा जीव होता तिच्यात."

हिंगणीच्या थोडं अलीकडे असताना त्यांनी माझा हात धरला. रस्त्याच्या कडेला पळसाच्या सावलीत कोणीतरी उभं होतं. पांढरं पातळ, पायात चप्पल नाही. सगळे तिला धरणाच्या बाजूला शोधत होते आणि ती या खेपेला आर्वीच्या रस्त्याला लागली होती. गाडी पुरती थांबायच्या आत नानाजी उतरले. मीही धावले.

"बाई," ते म्हणाले. "मी आलो व."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्या लाल गाडीकडे पाहिलं. पुन्हा त्यांच्याकडे. चेहऱ्यावर ओळखीचं काही नव्हतं, पाहुण्याशी बोलताना असतो तो नम्रपणा होता.

"आर्वीकडून आले का जी तुमी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग रस्त्यात माह्या भाऊ दिसला असन. पांढऱ्या गाडीत येते तो."

नानाजींनी घाईघाईनं पुडी सोडली. बांगड्या हातावर घेऊन तिच्यापुढे धरल्या आणि दुसऱ्या हातानं तिचा पंजा धरायला गेले. बाईंनी हात पदराखाली ओढून घेतला.

"नाई जी," त्या म्हणाल्या. "मले माह्या भाऊच बांगड्या भरते."

मला राहवेना. आजी, हेच ते, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. नानाजींनी माझ्याकडे न बघताच हात आडवा केला. त्यांनी बांगड्या पुन्हा कागदात गुंडाळल्या, नीट, एकही वाजू न देता, आणि खिशात ठेवल्या. मग घसा साफ केला.

"दिसला ना," ते म्हणाले. "मांगंच हाय तो. गाडीनं जरासा तरास देल्ला त्याले. येऊनच राह्यला."

बाईंचा चेहरा उजळला. "मंग बसा तुमी बी," त्या म्हणाल्या. "ऊन लय हाय. भेटूनच जाजा त्याले."

त्या पळसाच्या मुळाशी बसल्या आणि शेजारची जागा त्यांनी पदरानं झाडून दिली. नानाजी बसले. मांडी घालून, पाठ खोडाला टेकवून, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग मला म्हणाले, मॅडम, तुमी गावात जाऊन सांगा, बाई सापडली म्हनून. मी बसतो हिच्याजवळ.

पुढे आम्ही बाईंना घरी आणलं, दोन दिवसांनी नवी बॅटरी आली, महिन्याभरात माझी बदली झाली. निघताना नानाजी माझं सामान चढवायला जिन्यावरून वरखाली पळत होतेच. नंतर एक-दोनदा आर्वीला जाणं झालं, भेटीही झाल्या. पण त्यांची आठवण निघाली की ते सगळं मागे पडतं आणि मला त्या रस्त्यावरून गाडी काढतानाचं आरशातलं चित्र दिसतं. बाईंनी ऊन लागू नये म्हणून हात कपाळाशी धरला होता, आर्वीकडचा रस्ता बघत त्या नानाजींना काहीतरी विचारत होत्या. नानाजींनीही हात कपाळाशी धरला आणि तिकडेच पाहत राहिले.